बी नमुना

कागदाचा फोटो काल रात्री साडेनऊला आला.
तिरपा काढलेला, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा.
वर सात आकडी नंबर, खाली एका औषधाचं नाव,
आणि मधे पेनानं, घाईत,
ज्यानं फोडला त्याच्याच हातचं:
सुरमी पावरा, चोपडा.

लॅबला नाव ठाऊक नसतं.
बाटलीला नुसता नंबर.
नाव मागाहून कुणीतरी चिकटवतं.

अकराच्या आत निम्मा तालुका नॅनोग्रॅम म्हणायला शिकला.
सकाळी शटर वर केलं तर
डोकेदुखीची गोळी घ्यायला आलेले
गोळी घेऊनही हलेनात.
"भाऊ, तुमले तं ठाऊक व्हई, हाई काय शे?"
वखारीतला सुपडू म्हणाला, गावाचं नाक कापलं पोरीनं.
त्याच्या बोटांना त्या पुडीचा वास होता
जिच्यानं हिरवी फणी तीन दिवसांत पिवळी होते
आणि आत तशीच राहते, चुन्यासारखी.
मी त्याला बाम दिला. सुटे परत दिले.

फेब्रुवारीत हिचीच मिरवणूक
इथं दुकानासमोर थांबली होती.
हार मोठा, पोरगी लहान,
एका पायात चप्पल, दुसऱ्याला पट्टी.
पाच हजार मीटर. साडेबारा फेऱ्या.
विचारलं होतं, सरावाला कुठं पळतेस?
म्हणाली, वैजापूरच्या रस्त्यानं, वर.
शाळेची गाडी चुकायची, तेव्हापासून.

सांगतात, त्या चाचणीला
एक परकी बाई समोर उभी राहते.
कपडे छातीपर्यंत वर, गुडघ्यापर्यंत खाली,
आणि ती बघत राहते, धार हिचीच ना.
सुरमीला दीड तास लागला म्हणे.
मग एकाच भांड्यातलं दोन बाटल्यांत ओतलं,
ए आणि बी.
ए बोलली.
बी अजून सीलबंद आहे.
आमच्याकडं बी म्हटलं की पिशवी आठवते,
वर चित्र झकास,
आत काय होतं ते उगवल्यावर.

आता माझं.
ते नाव वाचायला मला चष्मा लागला नाही.
तिसरं फडताळ, डावीकडं, खोकल्याच्या बाटल्यांमागं.
बडगुजर सरांनी मोटरसायकल बंदसुद्धा केली नव्हती.
पाच स्ट्रिपा. टाचेसाठी. बिल नको.
चिठ्ठी मागायची असते, ते मला येतं.
टाच कुणाची, एवढं तरी विचारता आलं असतं.
सर सध्या पुण्याला आहेत, फोन लागत नाही.
आजच्या पेपरात त्यांचं एक वाक्य आहे:
खेळाडू बाहेरून काय घेते, यावर मी काय बोलणार.

दुपारी दोनला, रस्त्यावर कुत्रंही नसताना,
ती आली. तोंडाला स्कार्फ.
काउंटरवर एक रिकामी स्ट्रिप ठेवली,
नावाचा भाग कात्रीनं कापलेला.
"काका, हाई काय शे?
सर तं कॅल्शियम सांगेत."

मी स्ट्रिप उलटी केली.
उरलेल्या कोपऱ्यावर बॅचचे शेवटचे तीन आकडे.
पाठ आहेत.
लाईट गेलेली, पंखा थांबलेला,
तिचा श्वास ऐकू येत होता,
मोजून आत, मोजून बाहेर,
अजून फेऱ्या बाकी असल्यासारखा.

म्हणालो, बघून सांगतो. उद्या ये.
ती बाकावर बसली.
"सांजनी गाडी शे. बसस मी."

बिलबुक काढलं. कार्बन उलटा घातला, परत सरळ केला.
गिऱ्हाईक: बडगुजर सर.
औषधाचं नाव, पूर्ण, तुटक अक्षरांत.
नग पन्नास. बॅच.
खाली सही आणि माझा परवाना नंबर.
उद्या हाही कागद कुणाच्या तरी फोनवर तिरपा दिसेल,
कोपऱ्यात अंगठा.

तारीख टाकायची राहिली आहे.
पेन टेकवून बसलोय.
समोर ती पाणी पितेय,
बाटली उंच धरून, तोंड न लावता.